बॉनेटवरचं नाव

गाडीच्या रंगाला ब्लेड लावायचं नाही, हे मी तुम्हाला शिकवलं. तुम्ही मात्र गिऱ्हाइकांना कायम उलटं सांगत राहिलात, की शालनला सगळं मीच शिकवलंय. एकवीस वर्षं आपला हा वाद चालला आणि तो मिटायच्या आत तुम्ही दुपारच्या वेळी स्टिकर कापायच्या मशीनवर डोकं टेकवलंत ते उचललंच नाहीत. आता मी एकटीच बोलणार, तर खरं काय ते सांगून टाकते.

आपण आपल्या गावाहून, कड्याहून, बीडला आलो ते पहिलंच वर्ष. तिकडं साखर कारखान्याच्या गेटवर तुम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर ब्रशनं नावं रंगवायचात. मग रेडियमची स्टिकरं आली, ब्रश सुटला, आणि नगर रोडला आपण हे पत्र्याचं दुकान टाकलं. एका डॉक्टरच्या गाडीच्या दारावरचं जुनं स्टिकर तुम्ही दाढीच्या ब्लेडनं खरवडलंत. स्टिकर निघालं, पण दारावर तीन पांढरे ओरखडे उठले. ते दार रंगवून देण्यात आपले दोन दिवस गेले, आणि तुम्ही जेवला नाहीत. तेव्हा मी म्हणाले होते, की नव्या स्टीलच्या पातेल्यावरचा कागद माझी आई चुलीच्या धगीवर धरून काढायची. गरम झाला की नखानं कोपरा उचलायचा आणि सावकाश, उलटा दुमडत ओढायचा. राहिलेल्या डिंकाला गोडं तेल. तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात लावून, माझ्या केसांचा ड्रायर घेऊन तेच केलंत.

तेव्हापासून तुम्ही चिटकवायचं आणि मी काढायचं, असं ठरून गेलं. लोक हसायचे. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्याचा नवरा असता तर बायको रस्त्याकडेला गाड्यांवर वाकून काम करते म्हणून त्यानं मान खाली घातली असती. तुम्ही माझ्यासाठी गुडघ्याखाली घ्यायला गोणपाटाची गादी शिवून आणलीत. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून आधी तेच लिहिलं.

आता त्या दिवसाबद्दल. त्या दिवसाबद्दल आपण दोघं नीट कधी बोललोच नाही.

गेला हिवाळा तुम्हाला माहीतच आहे. दोन गटांत हाणामारी झाली, मग कुठं गाडी फुटली, कुठं बोर्ड फाटला, आणि बघता बघता माणसं समोरच्याच्या तोंडाऐवजी त्याच्या गाडीकडं बघायला लागली. काचेवर कुणाचं नाव, बॉनेटवर कुणाचा फोटो. वर्षानुवर्षं हौसेनं लावून घेतलेली नावं काढायला लोक सकाळी सकाळी, शेजारची दुकानं उघडायच्या आत यायला लागले. हळू आवाजात म्हणायचे, वहिनी, काढून टाका, पण कुणाला कळू देऊ नका. त्याच आठवड्यात दुसरे लोक तीच नावं दुप्पट मोठी करून लावायला यायचे. तुम्ही दोघांचीही कामं करत होता. मी म्हणाले, थोडे दिवस दुकान बंद ठेवू. तुम्ही म्हणालात, बंद दुकान लोकांच्या जास्त डोळ्यात येतं. रात्री मी दोनदा उठून दाराची कडी बघायचे. तुम्ही जागे असायचात की नाही, हे मी विचारलं नाही.

गुरुजी आले ते थंडीतल्या एका सोमवारी सकाळी. रिटायर झालेले, बीडमध्येच राहणारे, आपले जुने गिऱ्हाईक. निळी गाडी, आणि बॉनेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एका गटाचे पुढारी असलेल्या साहेबांचं नाव. ते नाव पाच वर्षांपूर्वी तुम्हीच लावलं होतं. साहेबांनी त्यांच्या बदलीचं काम केलं म्हणून त्यांनी आनंदानं लावून घेतलं होतं. सोबत काकू होत्या. त्यांची मुलगी मांजरसुंब्याच्या पुढं एका गावात दिलेली. तिचे दिवस भरत आलेले, पायावर सूज, जावई पुण्यात कंपनीत, आणि नाव बीडच्या दवाखान्यात घातलेलं. तिला त्याच दिवशी आणायचं होतं. पण ते गाव दुसऱ्या गटाचं, आणि आदल्याच दिवशी त्या रस्त्यावर असंच नाव असलेल्या एका गाडीच्या काचा फोडल्या होत्या. भाड्याच्या गाडीवाल्यानं त्या बाजूला यायला चक्क नाही म्हटलं.  गुरुजी मला म्हणाले, दुपारपर्यंत हे नाव इथं कधी नव्हतंच असं करून द्या.

मी कामाला लागले आणि लाइट गेली. ड्रायर बंद. थंडीनं डिंक दगडासारखा झालेला, आणि पाच उन्हाळे खाल्लेलं ते रेडियम, एक अक्षर धड निघेना. पापडासारखं मोडून तुकडे हातात यायचे. तुम्ही गॅसवर पातेलं ठेवलंत. मी गरम पाण्यात टॉवेल पिळून एकेका अक्षरावर दाबून धरायचे, शंभर आकडे मोजायचे, आणि नखानं उचलायचे. तुम्ही मागून निलगिरीच्या तेलाचा बोळा घेऊन डिंक पुसत होता. तीन तास हेच चाललं. त्या तीन तासांत रस्त्यानं जाणारी प्रत्येक मोटारसायकल हळू होतेय असं मला वाटत होतं.

शेवटचा तुकडा निघाला, मी बॉनेट धुतलं, फडक्यानं कोरडं केलं आणि मागं सरले. काकू दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "हे तर अजून वाचता येतंय."

वाचता येत होतं. आधीपेक्षा स्पष्ट. सगळ्या बॉनेटचा रंग उन्हानं उडालेला आणि अक्षरांच्या खालचा निळा मात्र नव्या गाडीसारखा गडद. साहेबांचं नाव गाडीच्या अंगातच उमटलं होतं. अशी छाप मी शंभर गाड्यांवर बघितली असेल, पण तिची भीती वाटली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

तुम्ही रबिंगचा डबा आणलात आणि जोर लावून घासायला लागलात. मी तुमचा हात धरला. वरचा चकाकीचा थर गेला तर खालचा पांढरा दिसेल, मग ते नाव जन्मभर जाणार नाही, असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, मग काय करू. मी तुमच्या हातातून फडकं घेतलं, त्यावर पॉलिश घेतलं आणि गोल गोल, हलक्या हातानं फिरवायला लागले. रंग सारखा होत होता, पण अगदी कणाकणानं. अर्धं नाव फिकं झालं होतं तेव्हा दोन मोटारसायकली खरंच थांबल्या.

तिघं होते. दोघांना मी ओळखत नव्हते. तिसरा, कानात बाळी घालणारा, साहेबांच्या मागं मागं असायचा. मागच्या निवडणुकीत त्यानं आपल्याकडूनच चाळीस गाड्यांना फोटो लावून घेतले होते. त्यानं बॉनेटकडं बघितलं, खाली पडलेल्या चुऱ्याकडं बघितलं.

"साहेबांचं नाव कावून काढायलास बे?" त्यानं तुम्हाला विचारलं.

गुरुजी गाडीच्या पलीकडं उभे होते.  मला वाटलं, आता तुम्ही त्यांच्याकडं बोट दाखवणार. दाखवलं असतं तरी मी तुम्हाला दोष दिला नसता.

"फाटलतं," तुम्ही म्हणालात. "नवं लावायचं हाय."

"लाव मग. आमी बसतो."

आणि ते खरंच बसले. आपल्याच बाकड्यावर. चहा मागवला. लाइट आलेली होती, ती न यावी असं मला वाटत होतं. तुम्ही मशीन चालू केलं, नवं लाल रेडियम लावलं, आणि मशीन साहेबांचं नाव कापायला लागलं. काकूंनी पदर तोंडात धरला होता.  मुलगी तिकडं वाट बघतेय, आणि आपण तिच्या आईबापाच्या गाडीवर नवंकोरं, लांबून दिसेल असं नाव चिटकवून त्यांना त्या रस्त्यानं पाठवणार. मला तुमचा राग आला. इतका राग मला तुमचा आयुष्यात कधी आला नव्हता.

मग मी बघितलं. तुम्ही स्पिरिटचा बोळा घेतला नाही. चिटकवायच्या आधी रंग स्पिरिटनं पुसून घेतल्याशिवाय तुम्ही कधी स्टिकर लावल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी तुम्ही माझं पॉलिश तसंच बॉनेटवर राहू दिलं. वर साबणाचं पाणी मारलं, रोजच्यापेक्षा जास्त. नाव ठेवलं, आणि पाणी बाहेर काढायची प्लास्टिकची पट्टी नुसती वरून फिरवली. अक्षरांवरची शिरोरेघ तुम्ही एरवीपेक्षा जाड कापली होती, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सलग. बाकड्यावरून नाव झकास दिसत होतं. बाळीवाल्यानं मोबाइलवर फोटोसुद्धा काढला.

गुरुजी गाडीत बसले तेव्हा तुम्ही काचेशी वाकलात. मोठ्यानं म्हणालात, आठ दिवस धुवू नका. मग हळूच, मला जेमतेम ऐकू आलं, "चाळीसच्या वर पळवू नका. पाली गाव सोडलं की काकूंना उतरवा. पहिल्या अक्षराच्या डोक्याला धरून ओढा. सगळं नाव एकदम येईल."

गाडी निघाली आणि तिच्या मागोमाग दोन्ही मोटारसायकलीही त्याच बाजूला गेल्या.

त्यानंतरचा सगळा दिवस माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. वाऱ्यानं नाव मध्येच उडालं तर ते तिघं बघतील. नाही उडालं आणि काकूंना ओढता आलं नाही, तर पुढचे लोक बघतील. ओढलं तरी खालची छाप आहेच. आपण गुरुजींना फोन लावला, तो बंद. एक वाजता बंद, तीन वाजता बंद. चार वाजता तुम्ही शटर ओढलंत आणि आपण घरी आलो. तुम्ही भिंतीला टेकून बसलात. मी तुमच्यासमोर उभी राहिले आणि बोलले ते आज जसंच्या तसं लिहिते, कारण ते माझं आहे आणि मला परत घ्यायचंय.

मी म्हणाले, "तुमी भ्यालात. एकदा न्हाई म्हणाला असता तर काय झालं असतं? तुमच्या भित्रेपणापायी तिघांचा जीव गेला तर मी तुमचं तोंड बघणार न्हाई."

तुम्ही वर बघितलंत. म्हणालात, "मी न्हाई म्हणालो असतो तर त्यांनी गुरुजीला विचारलं असतं." एवढंच. मग तिथंच आडवे होऊन पाठ फिरवलीत. मला तेव्हाच कळलं होतं की तुमचं बरोबर आहे. मी ते सांगितलं नाही. सकाळी सांगू म्हटलं.

सकाळी दहा वाजता गुरुजींचा फोन आला, काकूंच्या बहिणीच्या मोबाइलवरून. त्यांचा स्वतःचा फोन बॅटरी संपून वाटेतच बंद पडला होता आणि घाईत मुलीच्या सासरीच राहिला होता. मुलगी बीडच्या दवाखान्यात होती, व्यवस्थित होती. मोटारसायकली पालीच्या अलीकडं एका हॉटेलावर थांबल्या होत्या. गुरुजी पालीच्या पुढं, धरणाच्या बाजूला गाडी घेऊन गेले. काकू उतरल्या, पहिल्या अक्षराला धरून ओढलं, आणि सगळं नाव शिरोरेघेला लटकत सुटून आलं. काकूंनी ते घडी करून सीटखाली घातलं. राहिलेल्या छापेवर गुरुजींनी बाटलीतलं पाणी आणि रस्त्याकडेची माती कालवून फासली. गावाच्या तोंडाशी सात-आठ माणसं उभी होती, रस्त्यात दगड लावून. एकानं गाडी कुठली विचारलं आणि विचारताना बॉनेटवर हात टेकला. हात बरोबर त्या मातीवर होता. गुरुजींनी व्याह्यांचं नाव सांगितलं. त्या माणसानं हात पँटला पुसला आणि दगड बाजूला केला. येताना त्यानंच मुलीला बघून गाडी सावकाश चालवायला सांगितलं, म्हणे.

चार दिवसांनी मुलगी झाली. आपण दवाखान्यात गेलो. काकूंनी बाळ तुमच्या हातात द्यायला पुढं केलं तर तुम्ही हात मागं घेतलेत. म्हणालात, हाताला रेडियमचा वास येतोय. मग मी घेतलं. त्या दिवशी परत येताना रिक्षात मी म्हणणारच होते, की माझं चुकलं. रिक्षावाला ओळखीचा निघाला आणि तुम्ही त्याच्याशी बोलत बसलात.

आता हे तुम्हाला माहीत नाही ते. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी तुम्ही रोल आणायला संभाजीनगरला गेलतात. दुपारी बाळीवाला एकटा आला. उतरलाही नाही, मोटारसायकलवरूनच बोलला. "गुरुजीच्या गाडीवरलं नाव आठ दिसबी टिकलं न्हाई. राजाभाऊचा हात बिगडला का?" मी म्हणाले, रोल खराब निघाला, डिंक धरत नव्हता, दुसरं लावून देऊ. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पत्र्याकडं, मग आत टांगलेल्या रोलांकडं. "दुकान चांगलं हाय," म्हणाला आणि गेला. धमकी म्हणावी असा एक शब्द त्यात नव्हता. तो गेल्यावर मी शटर खाली ओढून आत अंधारात बसले.

तुम्ही संध्याकाळी आलात तेव्हा मी सांगितलं नाही. तुम्हाला शुगर, तुम्हाला प्रेशर. शिवाय मीच तुम्हाला भित्रा म्हणाले होते. आता कुठल्या तोंडानं सांगू, की मी भ्याले.

पण तुम्ही बदललात. खुर्ची रस्त्याकडं तोंड करून मांडलीत. मोटारसायकलचा आवाज आला की हातातलं काम टाकून दारात यायचात. मला बँकेत एकटीला जाऊ देईनात. दुपार झाली की म्हणायचात, तू घरी जा, इथं काम नाही. काम असायचं. मला वाटलं, त्या दिवशीच्या माझ्या बोलण्याचा राग तुम्ही असा काढताय. एकदा मी विचारलंसुद्धा, मला दुकानातून काढायला निघालात काय. तुम्ही माझी पिशवी माझ्या हातात दिलीत. पुढं आपण कामापुरतंच बोलायला लागलो. उन्हाळा लागला. आणि मग ती दुपार. मी घरी होते, कारण तुम्हीच पाठवलं होतं. शेजारचा पंक्चरवाला धावत आला.

डॉक्टर म्हणाले, हार्टचा होता. नातेवाईक म्हणाले, पथ्य पाळत नव्हते. 

दहाव्याला गुरुजी आणि काकू आले. बाळ आता मान धरतंय. काकू आत बायकांत बसल्या आणि गुरुजी ओट्यावर माझ्याजवळ आले.  म्हणाले, "तुम्हाला सांगायचं नाही असं राजाभाऊंनी मला बजावलं होतं, पण आता माझ्याच्यानं राहवत नाही." मग मला कळलं, बाळीवाला तुम्हालाही पेट्रोल पंपावर भेटला होता. संभाजीनगरहून तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दुकान सांभाळ, बायकोला सांभाळ, एवढंच म्हणाला होता. तुम्ही गुरुजींना फोन केलात, की महिनाभर गाडी बाहेर काढू नका. आणि शेवटी म्हणालात, "शालनला सांगू नका. ती भील."

गुरुजी रडत होते. मला रडू आलं नाही. मी हिशेब लावत बसले, की तीन महिने एकाच घरात, एकाच ताटापुढं, आपण दोघं एकाच माणसाला भीत होतो आणि एकमेकांना दिसू देत नव्हतो. तुम्ही मला घरी पाठवायचात ते काढायला नाही, लांब ठेवायला. मी तुम्हाला सांगितलं असतं, तुम्ही मला सांगितलं असतं, तर तो माणूस काही कमी झाला नसता. पण रात्री एकानं जागं राहिलं असतं आणि दुसरा झोपला असता. तुम्ही तर कित्येक रात्री झोपलाच नव्हता. मला ते माहीत होतं, कारण मीही जागी होते.

तुमचे भाऊ म्हणतात, दुकान विकून कड्याला या. मी अजून ठरवलेलं नाही. काल मात्र सकाळी जाऊन शटर उघडलं. नंबर प्लेटवाला एक आला, काचेवरचं जुनं स्टिकर काढायला एक आला. मी दोन्ही कामं केली. दुपारी एक मोटारसायकल समोर येऊन थांबली आणि माणूस उतरेना. मी हातातलं फडकं घट्ट धरून उभी राहिले.  त्यानं हेल्मेट काढलं, तर तो कुणी पत्ता विचारणारा होता. मी पत्ता सांगितला. तो गेल्यावर तुमच्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठले नाही.

काल मी लई भ्याले. आजही भीती वाटतेय. घरी आल्यावर मी हे कुणालाच सांगितलं नाही, तुम्हाला सांगतेय.